खोक्यावर १८००, आमच्या घरात १६४५ : इलेक्ट्रॉनिक चेस बोर्डचा चार महिन्यांचा अनुभव

मुलीसाठी दिवाळीत इलेक्ट्रॉनिक चेस बोर्ड घेतला, म्हणजे तो ज्याच्यावर आपण खऱ्या सोंगट्या हलवायच्या आणि बोर्ड स्वतः विचार करून घरांवरचे दिवे लावून त्याची चाल दाखवतो, तसला. भाच्याने परदेशातून येताना आणला, सगळं धरून २३,५०० ला पडला. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, कारण चार महिने वापरून आणि घेण्याआधी अजून दोन-तीन बोर्डांची माहिती वाचून माझं मत असं झालंय की मुख्य तक्रार एका ब्रँडची नाहीच, या सगळ्या प्रकाराची आहे. त्यामुळे तुम्ही कुठलाही घ्यायला निघाला असाल तरी हे उपयोगी पडेल.

आधी चांगलं सांगते. सोंगट्या वजनदार आहेत, खाली फेल्ट आहे, घोड्याचं कोरीव काम छान. स्क्रीन नाही हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. ओवी सातवीत आहे, मोबाईलवर खेळायला बसली की दोन डाव झाल्यावर तिसरंच काहीतरी चालू होतं, इथे समोर फक्त पट असतो. चाल मागे घेता येते, डाव अर्धवट ठेवून झोपायला जाता येतं, सकाळी तिथूनच सुरू. चार्जिंग आठवडाभर पुरतं. एच-१ च्या घराचा सेन्सर मधेच हत्ती ओळखत नाही, उचलून परत ठेवावा लागतो, किल्लेकोट करताना हे फार होतं, पण त्याची सवय झाली. एवढंच असतं तर मी पाच स्टार देऊन मोकळी झाले असते.

पण खोक्यावर आणि मॅन्युअलमध्ये प्रत्येक लेव्हलच्या समोर एलो, म्हणजे चेस खेळणाऱ्याच्या ताकदीचा रेटिंगचा आकडा, छापलंय. १००० पासून सुरू, मग १२००, १५००, १८००, शेवटची २०००. मी हा बोर्ड घेतला तो या आकड्यांसाठी. सांगलीत खेळणाऱ्यांची कमी नाही, बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव आहे हे, पण रोज संध्याकाळी आपल्याच ताकदीचा माणूस तासभर समोर बसेल असं होत नाही ना. ओवीचं फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग १६००. मला वाटलं १५०० ची लेव्हल लावली की तिला तिच्यापेक्षा जरा कमी ताकदीचा जोडीदार मिळेल, मग १८०० लावू, मग २०००, जिना चढल्यासारखं. मी शाळेत गणित शिकवते, आकडा छापलेला दिसला की मी तो खरा धरते, सवयच आहे.

पहिल्या आठवड्यातला एक डाव अजून डोळ्यासमोर आहे. लेव्हल १५००, ओवी काळ्या सोंगट्यांनी. वीस चाली मशीन असं खेळलं की मी बाजूला बसून मान डोलवत होते, सगळ्या सोंगट्या जागच्या जागी, एकही प्यादं सैल नाही, ओवीचा उंट कोपऱ्यात कोंडलेला. आणि एकविसाव्या चालीला दिवे लागले ते बघून मी आधी समजले सेन्सरच बिघडला. घोडा उचलून थेट काळ्या प्याद्याच्या तोंडात. मागे काही नाही, पुढे काही नाही, शह नाही, डाव नाही, फुकट घोडा. ओवीने लगेच मारला नाही, दोन-तीन मिनिटं नुसती बघत बसली, सापळा शोधत होती बिचारी. मग मारला, डाव जिंकली, पण तोंडावर काही आनंद नाही. म्हणाली, "आई, हा चुकला नाहीये. ह्याने सोडलाय."

बारा वर्षांच्या मुलीने जे एका डावात ओळखलं ते मला नंतर वाचून कळलं. ही मशिनं मुळात फार जोरात खेळू शकतात, त्यांना मुद्दाम कमकुवत करावं लागतं, आणि ते करायची सोपी पद्धत म्हणजे तीन-चार चांगल्या चाली काढायच्या आणि मधेच फासे टाकल्यासारखी त्यातली वाईट निवडायची. स्टॉकफिश या फुकट मिळणाऱ्या चेस इंजिनमध्ये, म्हणजे चेस खेळणाऱ्या प्रोग्राममध्ये, स्किल लेव्हल नावाचं जे सेटिंग आहे ते असंच चालतं. पण खरा १५०० चा माणूस असा चुकत नाही. तो वीस चाली निर्दोष खेळून मग घोडा टाकत नाही. तो सातव्या चालीलाच प्यादं उगाच पुढे ढकलतो, बाराव्याला स्वतःचा चांगला उंट मारून घेतो, लांबून मागे येणारा उंट त्याला दिसत नाही, वेळ कमी उरला की हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरल्यावर, राजा चुकीच्या बाजूला नेतो. त्याच्या चुकीला कारण असतं. ते कारण ओळखायचं आणि त्याच्यावर डाव उभा करायचा हेच तर मुलांना शिकायचं असतं. समोरचा फासे टाकून चुकत असेल तर मूल नुसतं वाट बघायला शिकतं, हा कधी सोडतोय याची.

मग मी जरा खोलात गेले की हा १५०० आकडा येतो कुठून. मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही की कोणाशी खेळून, किती डाव खेळून, किती वेळेच्या घड्याळाने. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की लेव्हलचे आकडे अंदाजे आहेत. अंदाजे म्हणजे कशाच्या अंदाजाने, हे विचारलं तर पुढे उत्तर नाही.

इथे थोडं गणित सांगते, कंटाळा येणार नाही. अर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकीला फिजिक्स शिकवायचे. त्यांची पद्धत अमेरिकेच्या चेस फेडरेशनने १९६० मध्ये घेतली आणि फिडेने १९७० मध्ये. लोकांना वाटतं एलो म्हणजे ताप मोजल्यासारखं किंवा उंची मोजल्यासारखं, अमुक माणसाची उंची १८००. तसं नाहीये. एलोला शून्य नाही. एलो फक्त दोघांमधलं अंतर सांगतो. अंतर १०० असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळवावेत (जिंकला की एक, बरोबरीला अर्धा), २०० असेल तर ७६, ४०० असेल तर ९१. बस एवढंच. त्यामुळे "१८००" ला एकट्याने काही अर्थ नाही, कुठल्या लोकांमधला १८०० हे सांगितलं तरच अर्थ. फिडेचा १८०० वेगळा, अमेरिकेचा वेगळा, लीचेस या चेसच्या वेबसाइटवरचा १८०० तर अजूनच वेगळा, तिथे ग्लिको-२ नावाची पद्धत आहे आणि सगळे १५०० पासून सुरू होतात.

आणि त्यात फिडेने मार्च २०२४ मध्ये काय केलं ते आपल्याकडच्या प्रत्येक पालकाला माहीत असेल. किमान रेटिंग १००० वरून १४०० वर नेलं आणि २००० च्या खाली असलेल्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली, २००० ला जेवढे कमी पडतात त्याच्या चाळीस टक्के. म्हणजे १५०० वाला एका रात्रीत १७०० झाला, १८०० वाला १८८० झाला. खेळ तोच, माणूस तोच. माझ्या मॅन्युअलवर छपाईचं साल २०२१ आहे. तो १५०० जरी त्या वेळी अगदी प्रामाणिकपणे मोजलेला असता तरी आज त्याला १७०० म्हणावं लागलं असतं. खोक्यावरचा आकडा काही स्वतःहून बदलत नाही.

तर ठरवलं की आपणच मोजू. आमच्या ओळखीतले सहा जण तयार झाले, सगळ्यांचं फिडेचं चालू स्टँडर्ड रेटिंग आहे. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा १९०५, बँकेतून रिटायर झालेले काका १८४३, ओवीला शिकवणारे सर १७९०, मी १७१२, ओवीच्या मैत्रिणीचा भाऊ १६५० आणि ओवी १६००. सरासरी काढली तर बरोबर १७५०. मशिनला १८०० ची लेव्हल. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास, शेजारी खरं घड्याळ, चाली लिहायच्या, हात लावला की खेळायचं, चाल मागे नाही. प्रत्येकाने चार डाव, दोन पांढऱ्याने दोन काळ्याने. रविवारी तीन डाव, असे आठ रविवार.

एक गोष्ट मी मुद्दाम केली. मशिनशी खेळताना लोक नीट खेळत नाहीत हा माझा अनुभव आहे, हरलं तरी काय जातंय असं म्हणून उगाच काहीतरी ट्राय करतात, आणि मग जो आकडा निघतो तो त्या माणसाच्या रेटिंगशी जुळतच नाही कारण रेटिंग त्याने टूर्नामेंटमध्ये घाम गाळून कमावलेलं असतं. म्हणून नियम केला, जो मशिनकडून हरेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी भडंग आणायचं. तुम्हाला हसू येईल पण याने फरक पडला. काका तर चष्मा पुसून पुसून विचार करायला लागले.

पहिले चार रविवार, म्हणजे १२ डाव, मशिनला ६ गुण. निम्मे. १७५० सरासरीच्या लोकांशी निम्मे गुण म्हणजे मशीन १७५० च्या आसपास. मला वाटलं चला, खोक्यावरचा आकडा फार लांब नाही, उगाच कंपनीला मेल करून त्रास दिला.

पुढचे चार रविवार, परत १२ डाव, तेच सहा जण, तीच लेव्हल, तेच घड्याळ. मशिनला अडीच गुण. अडीच!

झालं काय ते सांगते, कारण माझ्या मते या सगळ्या रिव्ह्यूमधली हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. काकांनी पहिला डाव सरळ खेळला, मधले पटापट मारामारीचे प्रसंग आले, मशीन त्यात तरबेज, काका हरले. दुसरा बरोबरीत. मग त्यांनी घरी बसून लिहिलेल्या चाली बघितल्या आणि तिसऱ्याला पांढऱ्याने स्टोनवॉल लावला. डी-४, ई-३, एफ-४, सी-३, प्याद्यांची भिंत. पट बंद, मारामारीला जागाच नाही. मशिनला काय करावं सुचेना, उंट मागे, उंट पुढे, परत मागे. तिकडे काकांनी सावकाश जी-चं प्यादं सोडलं, मग एच-चं, हत्ती मागे आणून ठेवला, सगळी फौज राजावर, आणि मशिनला ते शेवटच्या पाच चालींपर्यंत दिसलंच नाही. आपल्याला लांबून येणारं वादळ दिसतं, त्याला ते अंगावर आल्यावर दिसतं. जिंकले.

बाकीच्यांनी ते बघितलं, काकांनी भडंग खाता खाता सगळ्यांना सांगितलं पण. त्यातले पांढऱ्याने खेळणारे सगळे भिंत लावायला लागले. आणि कहर म्हणजे सरांचा पांढऱ्याचा पुढचा डाव, चौदाव्या चालीपर्यंत अगदी तोच, काकांचाच डाव, मशिनने एकही चाल बदलली नाही. तोच उंट मागे, पुढे, मागे. सर वही उघडून बघून खेळले असते तरी चाललं असतं.

आता मला सांगा, या मशिनचं रेटिंग किती? पहिल्या भेटीत १७५०. ओळख झाल्यावर दुसऱ्या १२ डावांचा हिशोब केला तर १५२० च्या आसपास येतं. मशीन तर तेच आहे, त्याचा एक स्क्रूसुद्धा हललेला नाही. माणूस शिकला. माणसामाणसात हे दोन्हीकडून होतं, मी तुमचा डाव ओळखते तसं तुम्ही माझा ओळखता, म्हणून रेटिंग थोडंफार टिकून राहतं. इथे एकच बाजू शिकते. जो आकडा दुकानात खोक्यावर छापलाय तो, अगदी खरा असला तरी, पहिल्या आठवड्याचा आकडा आहे, आणि बोर्ड तर आपण वर्षानुवर्षं वापरायला घेतो.

सगळे २४ डाव एकत्र धरले तर साडेआठ गुण, म्हणजे ३५ टक्के, म्हणजे सरासरीच्या १०४-१०५ खाली, १६४५. पण इथेही थांबा. २४ डाव हे फार थोडे असतात. एखादा डाव नशिबाने इकडचा तिकडे झाला की आकडा लगेच हलतो. नियमाने हिशोब केला तर १६४५ च्या दोन्ही बाजूंना साधारण १३० गुणांची मोकळीक ठेवावी लागते, म्हणजे हे मशीन १५१५ पासून १७७५ पर्यंत कुठेही असू शकतं. १८०० त्याच्या बाहेर पडतो, पण फार नाही. मी काही कंपनीला खोटं ठरवलं असं म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणते की सहा माणसं आठ रविवार बसून आम्ही जे केलं तेवढं तरी त्यांनी करून मग छापायचं होतं, आणि काय केलं ते सांगायचं होतं.

कारण पूर्वी हे केलं जायचं! मला हे वाचताना खरंच भारावल्यासारखं झालं. १९६७ मध्ये एमआयटीच्या रिचर्ड ग्रीनब्लॅटचा मॅक हॅक हा प्रोग्राम माणसांच्या टूर्नामेंटमध्ये उतरला, नवीन पोरगं उतरतं तसा, हरत हरत रेटिंग कमावलं. १९८३ मध्ये केन थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांचं बेल हे मशीन अमेरिकेत मास्टर झालं, तेही माणसांशी खेळून. १९८८ मध्ये डीप थॉट या मशिनने एका टूर्नामेंटमध्ये बेंट लार्सनसारख्या ग्रँडमास्टरला हरवलं. आणि विकायच्या मशिनांसाठी अमेरिकेच्या फेडरेशनने रीतसर व्यवस्था केली होती, कंपनीने पैसे भरायचे, मशीन माणसांशी खेळणार, त्यातून निघालेला आकडा कंपनीने छापायचा. फिडेलिटी कंपनीच्या एका मशिनच्या नावातच २२६५ हा आकडा होता. तो अमेरिकेच्या रेटिंगचा आकडा, फिडेपेक्षा जरा चढा, पण माणसांसमोर बसून कमावलेला.

हॉलंडमध्ये द हेगला १९८६ ते १९९७ दरवर्षी एक टूर्नामेंट व्हायची, एगॉन नावाची, एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, आणि माणसांनी फक्त कॉम्प्युटरशीच खेळायचं. आमचे काका जे रविवारी शिकले ते तिथे येणारे लोक वर्षानुवर्षं शिकत होते, पट बंद ठेवायचा, घाई करायची नाही, मशिनला मारामारी द्यायची नाही.

आणि स्वीडनचे लोक तर वेगळेच. तिथे चेस कॉम्प्युटर बाळगणाऱ्यांची संघटना आहे, एसएसडीएफ, त्यांची रेटिंगची यादी १९८४ पासून आहे. सुरुवातीला हे लोक काय करायचे, तर दोन मशिनं शेजारी शेजारी ठेवायची, एकाने चाल दाखवली की हाताने ती दुसऱ्यावर खेळायची, दुसऱ्याने दाखवली की पहिल्यावर, ४० चालींना २ तास या वेगाने. म्हणजे एक डाव पूर्ण व्हायला अख्खा दिवस, स्वयंपाक करता करता मधेच उठून चाल खेळून यायचं. माझ्या स्वयंपाकघरातून हॉलमधला बोर्ड दिसतो, त्यामुळे मला ते चित्र अगदी डोळ्यासमोर आलं.

पण त्यांना पहिल्यापासून माहीत होतं की मशीन विरुद्ध मशीन एवढ्याने भागत नाही. सगळी मशिनं आपापसात खेळली तर त्यांच्यातलं अंतर कळतं, पण ती अख्खी यादी माणसांच्या जमिनीपासून किती उंचीवर टांगलीय ते कळत नाही. म्हणून त्यांनी १९८७ ते १९९१ मध्ये स्वीडनमधल्या खेळाडूंशी टूर्नामेंटमध्ये झालेले ३३७ डाव पायाला धरले. ३३७! आणि तरी पुढे लक्षात आलं की यादी वर वर चाललीय, तर २००० मध्ये त्यांनी सगळ्यांचे आकडे १०० ने खाली आणले. कारण साधं आहे, मशीन थोडं वेगवान केलं की ते दुसऱ्या मशिनला सारखं हरवायला लागतं, दोघं एकाच पद्धतीने विचार करतात ना, एकाला एक चाल पुढचं दिसलं की संपलं. माणसाशी खेळताना तेवढा फरक पडत नाही. स्वतःच्या यादीतून १०० गुण कापायला हिंमत लागते. मला त्या लोकांविषयी फार आदर वाटतो.

वेळेचाही मुद्दा आहे. १९९४ मध्ये लंडनला रिचर्ड लँगच्या जीनियस प्रोग्रामने जगज्जेत्या कास्पारोव्हला स्पर्धेतून बाहेर काढलं, तेव्हा जगभर गवगवा झाला, पण ते डाव २५ मिनिटांचे होते. घड्याळ जेवढं छोटं तेवढं मशीन मोठं, कारण घाई माणसालाच होते. त्याच स्पर्धेत पुढे आपल्या आनंदने त्या जीनियसला हरवून घरी पाठवलं, हे मात्र आपल्याकडेसुद्धा कमी लोकांना आठवतं. आणि १९९७ चा डीप ब्लू या कॉम्प्युटरचा कास्पारोव्हशी सामना, तो कॉम्प्युटर जिंकला साडेतीन-अडीच, पण सामना होता ६ डावांचा. आमच्या २४ डावांत १३० गुणांची मोकळीक ठेवावी लागते तर ६ डावांत किती ते तुम्हीच बघा. मशीन जिंकलं हे खरं, त्याचं रेटिंग किती हे त्यातून कधीच कळलं नाही.

आता कोणी म्हणेल बोर्ड कशाला, फुकटचं स्टॉकफिश आहे की, त्यात एलो टाकायची सोय आहे. आहे, १३२० ते ३१९० पर्यंत टाकता येतो. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हे आकडे १२० सेकंद अधिक चालीला १ सेकंद या वेगाला जुळवलेत आणि सीसीआरएल या यादीला बांधलेत. ती यादी इंजिनांच्या आपापसातल्या डावांची. म्हणजे तिथला १८०० हा इंजिनांच्या गावातला १८००. लपवलेलं काही नाही, सगळं सांगितलंय, त्यामुळे तक्रार नाही, फक्त तो आकडा ओवीच्या १६०० शेजारी ठेवून बघायचा नाही.

मला मनापासून आवडलं ते माया नावाचं इंजिन. टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठं आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये आणलं. लीचेसवर लोकांनी खेळलेले डाव घेऊन त्याला शिकवलंय, पण जिंकायला नाही, त्या रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल ते ओळखायला. ११०० पासून १९०० पर्यंत वेगवेगळे माया आहेत, लीचेसवर त्यातल्या तिघांशी फुकट खेळता येतं. ओवीला तीन-चार डाव खेळायला लावले. दुसऱ्या डावात समोरच्याने लांबून मागे येणारा उंट बघितला नाही आणि एक प्यादं गमावलं, आणि ही ओरडली, "आई, हे मी पण करते!" ते ऐकून मला जो आनंद झाला तो २३,५०० च्या बोर्डाने दिला नव्हता. आणि या बॉटचं रेटिंग माणसांशी हजारो डाव खेळून झालेलं आहे, सगळ्यांना दिसतं. एक मात्र ध्यानात ठेवा, नावात ११०० असलं तरी त्याचं प्रत्यक्षातलं रेटिंग त्यापेक्षा बरंच वर आहे. एकटा ११०० वाला जी एखादी भयंकर चूक करतो ती बाकीचे ११०० वाले तिथे करत नाहीत, आणि माया बहुतेकांची चाल खेळतो, त्यामुळे तो सगळ्यांच्या सरासरीपेक्षा शहाणा निघतो. अडचण एकच, परत स्क्रीन आली.

तर बोर्ड घ्यावा का? आजी-आजोबांना वेळ घालवायला, किंवा घरात खेळणारं दुसरं कोणी नसेल, तर घ्या, छान वस्तू आहे. मुलांना एंडगेम घोटायला तर उत्तम, राजा-प्यादं, हत्ती-प्यादं अशी मांडणी करून द्या आणि मशिनला वरची लेव्हल लावा, तिथे ते फासे टाकत नाही, नीट खेळतं, आणि पन्नासदा तेच खेळायला कंटाळत नाही. ओवी आता रोज अर्धा तास हेच करते. पण मुलाचं रेटिंग किती झालं हे बघायला, किंवा १५०० ला हरवलं म्हणून टूर्नामेंटला पाठवायला, अजिबात घेऊ नका. आणि दुकानदार आकडा सांगायला लागला तर तीनच प्रश्न विचारा, कोणाशी खेळून, किती डाव, किती वेळेचे. आमच्याकडे आलेलं मॅन्युअल तिन्हीला गप्प आहे. बोर्डाला चार स्टार, आकड्यांना एक.

खोक्यावरच्या १८०० च्या शेजारी मी पेन्सिलने लिहून ठेवलंय: १६४५, दोन्हीकडे १३०, २४ डाव, अर्धा तास, सहा जण, सांगली. पुढच्या रविवारी मैत्रिणीचा भाऊ २००० ची लेव्हल लावू म्हणतोय, काका वही घेऊन येणार आहेत.